पोखर्णीची वेधशाळा आणि तीन वाचक

"वाचकांच्या नोंदी? म्हणजे, वाचल्याबद्दल?"

आमच्या कोशाचे संपादक देशपांडे सर, त्यांनी अर्ज माझ्या टेबलावर ठेवला आणि ते उभेच राहिले. सर उभे राहिले की समजायचं, उत्तर त्यांनी आधीच ठरवलंय, फक्त ते आपल्या तोंडून वदवून घ्यायचंय.

मी अर्ज वाचला. सेलूच्या सुलोचना पाठक नावाच्या बाईंनी पाठवलेला. विषय असा: 'विज्ञानकथांच्या तीन चाहत्यांच्या स्वतंत्र नोंदी जिल्हा कोशात घेणेबाबत.' खाली तीन नावं. सुभाष खंदारे, निवृत्त शिक्षक. कै. अब्दुल लतीफ, घड्याळ दुरुस्ती. तिसरं नाव सुलोचना पाठक, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. म्हणजे अर्जदार स्वतःच.

"यांनी कथा लिहिल्यात?" सरांनी विचारलं.

"तसं दिसत नाही."

"अनुवाद केलेत?"

"नाही."

"मग केलंय काय?"

"वाचल्यात."

"उद्या सिनेमा बघणारे येतील. परवा भजी खाणारे. नकार टाइप करा, कदम मॅडम."

मी आयुष्यभर कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून एका प्रतिष्ठानच्या जिल्हा कोशाच्या कामावर लागले. परभणी जिल्ह्यातली गावं, माणसं, संस्था, पिकं, देवळं यांची अकारविल्हे माहिती, असं या कोशाचं स्वरूप. एकेका विषयावरच्या मजकुराला आम्ही नोंद म्हणतो. लेखक नोंद लिहितो आणि ती माझ्याकडे छाननीला येते. छाननी म्हणजे लिहिलेलं खरं आहे का आणि मुळात छापण्याजोगं आहे का, हे पाहणं. खाली माझी सही झाली की ते छापायला जातं.

माणसाच्या नोंदीसाठी आमचा एक नियम आहे. त्याच्याबद्दल दुसऱ्या कुणीतरी, म्हणजे त्याच्या घरच्यांनी, मित्रांनी किंवा चेल्यांनी नव्हे, कुठेतरी छापील काही लिहिलेलं असलं पाहिजे. याला आम्ही स्वतंत्र दखल म्हणतो. हा नियम नसता तर कोशात निम्मे माजी सरपंच असते आणि उरलेले भावी.

नियमाप्रमाणे काम सोपं होतं. पण नकार टाइप करताना मीच अडखळायला लागले. पैलवानाची नोंद असते, कुस्ती बघणाऱ्याची नसते, हे मला पटतं. पण मी स्वतः ग्रंथपाल. वाचणाऱ्यांवरच माझं पोट चाललं. वाचणं हे काही कामच नाही असं मी सही करून लिहून द्यायचं? आणि चाहता म्हणजे तरी नक्की काय? जरा जास्त वाचतो तो? लेखकाला पत्र लिहितो तो? मला काही उलगडेना. तरी मी नकार टाइप केला आणि पाकीट जावक ट्रेमध्ये ठेवलं.

पाकीट पोस्टात जायच्या आधी बाईच ऑफिसात आल्या.

सुलोचनाबाई सत्तरीच्या. सुती पातळ, खांद्याला कापडी पिशवी, आवाज मात्र खणखणीत. जन्मभर 'नंबर प्लीज' म्हटल्याचा तो परिणाम असावा. त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याच्या बांधणीची एक जाडजूड वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"अशा एकोणतीस हायत," त्या म्हणाल्या. "एकतीस होत्या. दोन खंदारे सरांकडं वाळवीनं खाल्ल्या."

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी सेलू, जिंतूर या भागात विज्ञानकथा वाचणारी दहा-बारा माणसं होती. पुस्तकं मिळायची नाहीत. मिळालं तर एकाला मिळायचं. मग खंदारे सरांनी एक युक्ती काढली. देवगाव फाट्यावर सगळीकडच्या एसट्या थांबतात. तिथल्या एका हॉटेलात त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला. वाचून झालेलं पुस्तक डब्यात टाकायचं, सोबत एक वही. पुस्तकाबद्दल वहीत लिहायचं आणि कुणाच्या तरी हाती डबा फाट्यावर परत पाठवायचा. कंडक्टर, दूधवाले, तलाठी, सगळ्यांनी हा डबा नेला-आणला. वही भरली की नवी. असं वीस-बावीस वर्षं चाललं. लतीफभाईंचं सेलूत घड्याळाचं दुकान होतं, ते वह्या बांधायचे. ते गेले. बाकीचे पांगले. आता दोघंच उरले होते.

"आता मी पुण्याला लेकीकडं जायलेय. महिनाअखेर घर खाली करायचंय," बाई म्हणाल्या. "तिच्याकडं दोन खोल्या. वह्यांची पेटी नेता येत न्हाई. इथल्या वाचनालयात देते म्हटलं, तर ते म्हणायलेत, जागा कमी हाय, ज्याचा कुठं उल्लेख हाय असंच हस्तलिखित आमी घेतो. जिल्हा कोशात नोंद दाखवा, उद्या घेऊन या. म्हणून तुमच्याकडं आले."

"आणि आम्ही म्हणतो, आधी ते कुठल्या तरी वाचनालयाच्या यादीत दाखवा."

"हेच म्हणायलेय मी. त्यांनी तुमच्याकडं बोट दाखवायचं, तुमी त्यांच्याकडं. मधल्या मधी पेटी रद्दीत."

मी म्हटलं, "फोटो काढून ठेवा ना. मोबाइलवर होतं."

"फोटो काढायचे अन् वह्या टाकून द्यायच्या? तुमी ग्रंथपाल होता म्हणायलेत ना सगळे?"

असं कुणी तोंडावर बोललं की मला आधी राग येतो आणि मग लाज वाटते. त्या दिवशी दोन्ही एकदमच झालं. मी वही ठेवून घेतली. जावक ट्रेमधलं पाकीटही परत काढलं.

दुपारी वही उघडली. पहिली पंचवीस-तीस पानं पुस्तकांविषयी होती. भांडणंच म्हणा ना. 'यानातील हवा इतके दिवस कशी पुरली, हे लेखकाने सांगितलेले नाही' असं एक लिहितो, तर त्याखाली दुसरा, 'तुमच्या घरात बारा माणसे आहेत, तिथे कशी पुरते?' मला हसू आलं. पुढे मात्र वहीचा नूर बदलला. 'भविष्यकोश' असं शीर्षक आणि खाली सदस्यांच्या नोंदी. अगदी आमच्यासारख्याच. आडनाव आधी, मग नाव, मग ठळक कामगिरी. मला या शिस्तीचं कौतुकच वाटलं.

तिथे लिहिलं होतं: 'खंदारे, सुभाष: विज्ञानकथांचे वाचक, शिक्षक. पोखर्णी येथील वेधशाळेचे संस्थापक. या वेधशाळेतून प्रथम दिसलेल्या धूमकेतूस पोखर्णीचे नाव देण्यात आले.'

मी ताठ बसले. वेधशाळा हा शब्द मी कुठेतरी वाचला होता. कपाटातून आमचा गावं आणि संस्थांचा पहिला खंड काढला. तो काही वर्षांपूर्वीच छापून झाला होता. 'पोखर्णी' ही नोंद उघडली. नृसिंहाचं देऊळ, यात्रा, पिकं आणि शेवटी एक वाक्य: 'येथे एका शिक्षकाने उभारलेली वेधशाळा आहे.' आधार म्हणून एका दैनिकातली बातमी. बातमीचं कात्रण फाइलमध्ये सापडलं. खंदारे सरांच्या निवृत्तीच्या सत्काराची बातमी होती ती, आणि तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं, 'पोखर्णी येथे वेधशाळा उभारणारे खंदारे गुरुजी.'

माझा आनंद गगनात मावेना. स्वतंत्र दखल! छापील! मित्राची नाही, चेल्याची नाही! नुसता वाचक कसला, माणसाने वेधशाळा बांधलीय. धूमकेतूचं जरा खटकलं, पण धूमकेतूंमधलं मला काय कळतं? सगळ्या नोंदींच्या माथ्यावर घातलेलं सालही चुकीचं वाटलं, चक्क पन्नास वर्षं पुढचं. मी शेजारी पेन्सिलीने 'लेखनदोष' असं लिहून मोकळी झाले.

सुलोचनाबाईंना फोन लावला.

"वेधशाळा खरंच पोखर्णीत आहे ना?"

पलीकडून खणखणीत आवाज आला, "पोखर्णीतच."

देशपांडे सरांना सांगितलं. ते चक्क खुर्चीवर बसले. "मग खंदाऱ्यांची नोंद होऊ शकते. दुसऱ्या दोघांचं बघू. फोटो लागेल. जाऊन घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोखर्णीला उतरले. देवळाकडे जाणाऱ्यांची गर्दी होती. पानाच्या टपरीवर विचारलं, "वेधशाळा कुठं आहे?"

टपरीवाला म्हणाला, "कोनती शाळा?"

"वेधशाळा. ग्रह-तारे बघायची."

"ग्रह बगायचे असतील तर गुरव हायत की. देवळाच्या मागं. पत्रिका आनली का?"

मी त्यांचे आभार मानले आणि पुढे गेले. एका बाईने मला हवामान केंद्राच्या पेटीकडे पाठवलं. शेतात एका खांबावर पांढरी पेटी होती, पावसाचं माप घ्यायची. तिच्याभोवती मी तीनदा फिरले. ही वेधशाळा असेल का? कोशात अशा पेटीला वेधशाळा म्हणतात का? आम्ही म्हटलं असेल का? मी स्वतःच छाननी केलेल्या नोंदीवर आता माझाच विश्वास बसेना. फोटो मात्र काढून ठेवला.

शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेपाशी एक म्हातारे गृहस्थ भेटले. धोतर, डोक्याला रुमाल, पारावर झाडाच्या सावलीत बसलेले. त्यांना विचारलं.

"खंदारे गुर्जी? व्हते की हितं. माज्या दोनी पोरायला त्यानीच शिकवलं."

"त्यांनी वेधशाळा बांधली होती म्हणतात."

"कुटं?"

"तेच तर मी विचारायला आलेय."

म्हातारे विचारात पडले. मग त्यांनी काठीनं शाळेच्या गच्चीकडे दाखवलं. "तितं पोरायला नेऊन बसवायचे. चांदन्या दावायचे. ही अमुक, ती तमुक. लोकायला वाटायचं, गुर्जीचं डोकं फिरलं. पोरं मातर लय खूश व्हायची."

"दुर्बीण होती?"

"काय न्हाई. बोटानं दावायचे."

मी गच्चीकडे बघत राहिले. गच्चीवर पाण्याची टाकी होती आणि एक मोडका बाक. परतीच्या एसटीत माझं डोकं नुसतं भणभणत होतं. दैनिक खोटं? कोश खोटा? वही खोटी? की म्हाताऱ्याला आठवत नव्हतं? आणि सुलोचनाबाई फोनवर इतक्या ठामपणे 'पोखर्णीतच' कशाच्या बळावर म्हणाल्या? एक मन म्हणत होतं, बाईंनी आपल्याला सरळ सरळ बनवलं. मला खूप वाईट वाटलं. त्या मला आवडल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मी देवगाव फाट्याला गेले. खंदारे सर तिथून जवळच्या वस्तीवर राहत. सुलोचनाबाईंना मी तिथेच बोलावून घेतलं होतं. सरांचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली रॅकमध्ये पुस्तकं, पुस्तकांच्या पायाशी वाळवीच्या औषधाची पांढरी रेघ. सर उंच, कृश. कानाला कमी ऐकू यायचं, म्हणून समोरच्याच्या ओठांकडे बघत बोलायचे.

मी वही उघडून समोर धरली आणि मोठ्याने विचारलं, "सर, ही वेधशाळा कुठे आहे?"

सर नोंद वाचून हसले नाहीत. सुलोचनाबाईही हसल्या नाहीत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पोखर्णीत हाय," सर गंभीरपणे म्हणाले. "अजून व्हायची हाय. वरचं साल बगितलं न्हाई का मॅडम?"

मी साल पाहिलं. शेजारी माझ्याच अक्षरात 'लेखनदोष' असं लिहिलेलं होतं.

मग सगळा उलगडा झाला. भविष्यकोश हा त्यांचा खेळ. प्रत्येक सदस्याने दुसऱ्या सदस्याची नोंद लिहायची, पण पन्नास वर्षांनंतरच्या कोशात असेल तशी. लतीफभाईंना त्यांनी चंद्रावरचं घड्याळ लावायचं काम दिलं होतं. सुलोचनाबाईंना मंगळावरचं टेलिफोन एक्सचेंज. आणि खंदारे सरांना, ज्यांनी आयुष्यात कधी दुर्बिणीला डोळा लावला नव्हता, बाईंनी वेधशाळा देऊन टाकली होती. या सगळ्याला एकच कडक नियम होता. वहीतलं वाचताना हसायचं नाही आणि 'हे कल्पित आहे' असं बोलायचं नाही. जो बोलेल त्याला पुढची वही मिळायची नाही.

"सत्काराला मी हीच नोंद वाचली," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आमचे लोक सगळे नीट ऐकत बसले. पत्रकारानं लिहून घेतलं. नंतर बातमी बघून आमाला वाटलं, वा, हा पण आमच्यातलाच दिसायलाय."

"आणि मला? मला फोनवर का नाही सांगितलंत? मी पोखर्णीत पावसाच्या पेटीचे फोटो काढत हिंडले!"

बाईंचा चेहरा उतरला. "तुमी वही ठेवून घेतली ना. मला वाटलं, तुमी वहीत आलात. वहीत आलेल्याला सांगायचं नसतं."

मी चिडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. माझ्यावर आजवर अनेक आरोप झालेत, पण इतका मोठा मान कुणी दिला नव्हता. आणि चूक बाईंची नव्हतीच. सत्कारात बाईंनी वहीतलं वाचलं, पत्रकाराने सभेतलं लिहिलं, आणि ते कात्रण एका ग्रंथपाल बाईने शिक्का मारून कोशात घातलं. पहिल्या खंडातल्या 'पोखर्णी' नोंदीच्या छाननी फॉर्मवर सही माझी होती. एसटीने तासाभराच्या गावाला जाऊन बघायला मला तेव्हा सवड झाली नव्हती.

"मग आता वह्यांचं काय?" सरांनी विचारलं. महिना संपायला नऊ दिवस होते आणि तिघांनाही कळलं होतं की आपली एकमेव स्वतंत्र दखल खोटी निघालीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देशपांडे सरांच्या केबिनमध्ये गेले. सुलोचनाबाईही आल्या होत्या. मी सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट.

सरांनी टेबलावर बोटं वाजवली. "म्हणजे वेधशाळा नाही."

"नाही."

"पण आपल्याकडं आहे."

"हो."

"पोखर्णीच्या कुणी तक्रार केलीय?"

"नाही. त्यांच्यापैकी कुणी खंड घेतलाच नसेल."

"मग राहू द्या ना. कशाला उकरायचं?"

"सर, कोश आहे तो. शाळेतली मुलं त्यातून उतरवून घेतात. शुद्धिपत्रक काढावंच लागेल."

शुद्धिपत्रक म्हणजे छापून झालेल्या पुस्तकातल्या चुका सांगणारा कागद. उरलेल्या प्रतींना तो चिकटवतात आणि ज्या वाचनालयांकडे खंड गेलेत त्यांना टपालाने पाठवतात. संपादकाला ते अंगावरच्या डागासारखं वाटतं. सरांनी नाक मुरडलं, पण हो म्हणाले.

"आणि या नोंदींचं मिटलं," ते बाईंकडे वळले. "ताई, राग मानू नका. तुम्ही लोकांनी वाचलं, छान केलं. पण कोशात निर्माण करणाऱ्याची नोंद होते. वाचणाऱ्याची नाही."

"सर, तुमच्या खंडात भजनी मंडळाच्या सात नोंदी हायत," सुलोचनाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी मोजल्या. त्यातल्या कुणी अभंग लिहिलाय का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. त्या सातही नोंदी मीच पास केल्या होत्या. भजनी मंडळं दुसऱ्यांचे अभंग म्हणतात, एकत्र जमतात, हे टिकवून ठेवतात, म्हणून त्यांच्या नोंदी. मग फाट्यावरच्या डब्याने वेगळं काय केलं होतं? सर म्हणाले, "भजनी मंडळांची छापील दखल आहे."

"आणि आमची होती ती तुमी आता पुसायलाव," बाई म्हणाल्या आणि उठल्या. दारात त्यांना पिशवी सापडेना, ती खांद्यालाच होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या गेल्यावर तिन्ही नोंदींच्या नकारावर मी सही केली. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. एका माणसाची नोंद व्हायला जे लागतं ते तिघांपैकी कुणाकडेच नव्हतं. वाचक नोंदीला पात्र असतो की नसतो, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि खरं सांगते, आजही कळलेलं नाही.

मग शुद्धिपत्रक लिहायला घेतलं. आमच्या ऑफिसचा एक दंडक आहे, तो देशपांडे सरांनीच घातलेला. नुसतं 'अमुक उल्लेख रद्द समजावा' असं लिहायचं नाही. चूक कुठून आली तेही सांगायचं, नाहीतर लोकांना वाटतं छपाईवाल्याची आहे. त्या दंडकाप्रमाणे मी लिहीत गेले. आधी एक वाक्य झालं. मग वाटलं, उगम नीट कळायला हवा, म्हणून दुसरं. माझा हात कुठे चाललाय हे मला पाचव्या वाक्यापर्यंत खरंच लक्षात आलं नाही. आल्यावर मी थांबले नाही.

ते असं झालं: 'पोखर्णी या नोंदीतील वेधशाळेचा उल्लेख रद्द समजावा. अशी वेधशाळा अस्तित्वात नाही. ती भविष्यकोश या हस्तलिखित वह्यांमधील कल्पना असून वृत्तपत्रातील बातमीमुळे ती वस्तुस्थिती मानली गेली. या वह्या सेलू-जिंतूर परिसरातील विज्ञानकथांच्या वाचकांनी देवगाव फाट्यावरून एका डब्यातून फिरवून वीसहून अधिक वर्षे चालवल्या. सुभाष खंदारे, कै. अब्दुल लतीफ आणि सुलोचना पाठक हे त्यांचे प्रमुख लेखक-वाचक. एकोणतीस वह्या उपलब्ध आहेत. चुकीची जबाबदारी छाननी करणाऱ्यांची आहे.'

सरांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"मॅडम, हे शुद्धिपत्रक आहे की नोंद?"

"शुद्धिपत्रक, सर. उगम सांगितलाय. तुमचाच दंडक."

"डब्याचं कशाला?"

"त्याशिवाय वह्या फिरल्या कशा ते कळत नाही."

सरांनी पेन काढलं. मला वाटलं, खोडणार. त्यांनी 'प्रमुख लेखक-वाचक' मधला 'लेखक' तेवढा काढला आणि सही केली. आत्तापर्यंत मला वाटत होतं की मी त्यांना गुंडाळलं. आता वाटतं, त्यांना पहिल्या वाचनातच कळलं होतं. नक्की काय ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

कागद छापून आल्यावर पहिली प्रत घेऊन मी स्वतः शहरातल्या त्या वाचनालयात गेले. तिथल्या ग्रंथपालांनी वाचला. "जिल्हा कोशात उल्लेख आहे म्हणायचा."

"छापील आहे."

"चूक म्हणून आहे."

"पण उल्लेख आहे ना?"

ग्रंथपाल माणूस होता, एका ग्रंथपालाला दुसऱ्याची भाषा कळते. त्यांनी देणगीचा फॉर्म पुढे सरकवला. महिना संपायला दोन दिवस असताना वह्यांची पत्र्याची पेटी टेम्पोतून आली. सुलोचनाबाईंनी एकोणतीस वह्या एकेक करून मोजून दिल्या. पुढच्या आठवड्यात त्या पुण्याला गेल्या. जाताना माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "आता तुमाला खरंच पुढची वही द्यायला पायजे होती. पण वहीच न्हाई राहिली."

वह्या द्यायला खंदारे सरही आले होते. मी त्यांच्या हाती शुद्धिपत्रक दिलं. मनात म्हटलं, माणसाचं नाव तिसऱ्या ओळीनंतर का होईना, कोशात आलं. खूश होतील. त्यांनी ते सावकाश वाचलं. घडी घातली. पुन्हा उघडून वाचलं.

"मॅडम," ते म्हणाले, "माझं नाव काढलं तरी चालंल. वेधशाळा राहू द्यायची व्हती."

"पण सर, ती नाहीच ना."

"न्हाई म्हणूनच तर बाईनं लिवली. मी तर हायच की."

कागद त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गेला आणि ते रिक्षाकडे चालायला लागले.

त्यानंतर छाननीच्या फॉर्मवर मी एक रकाना वाढवून घेतला: 'प्रत्यक्ष जाऊन पाहिले का?' देशपांडे सरांनी विचारलं, हा रकाना गावांसाठी ना? मी म्हटलं, माणसांसाठी आधी.